कणगी उघडणारी सुई: शुगर एकदम उतरली तर घरच्यांनी काय करायचं

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. घरात खापरावर मांडे चाललेले, आमरसाचं पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं, लेकी-जावई आलेले. पितरांना आगारी, म्हणजे निखाऱ्यावर नैवेद्य, टाकल्याशिवाय ताट वाढायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, रोजच्यासारखं नऊ वाजता इन्सुलिन टोचून घेतलं. रोज साडेनऊला ते जेवतात. त्या दिवशी एक लेक भुसावळहून यायची होती, तिची गाडी लेट झाली, आगारी लांबली आणि साडेअकरा कधी वाजले ते कळलंच नाही.

नाना निंबाखाली बाजेवर बसले होते. सदरा पाठीला चिकटलेला. पण खान्देशातला उन्हाळा, घाम सगळ्यांनाच, कोण लक्ष देतो? मग ते जावयावर उगाच डाफरले. नाना हे जन्मात करणार नाहीत. मग जीभ जड झाली. मग बाजेवरून कलंडले.

"काय व्हयनं? ऊन लागनं का?" पुढच्या पाच मिनिटांत आम्ही एकही गोष्ट धड केली नाही. कुणी तोंडात पाणी ओतलं, ते ठसक्यासरशी बाहेर आलं. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. चुलतभाऊ फ्रिजमधून इन्सुलिन घेऊन धावत आला, "शुगरना पेशंट शे, शुगर वाढी गयी व्हई." शेजारची नर्सिंगला शिकणारी पोरगी सुट्टीला आलेली होती. तिनं त्याचा हात धरला म्हणून निभावलं.

तालुक्याच्या डॉक्टरांकडे जीपमधून नेलं. बोटावरचा थेंब घेतला, मशीननं शुगर दाखवली ३१, म्हणजे फारच उतरलेली. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि सुई निघायच्या आत नानांनी डोळे उघडून विचारलं, "आगारी टाकी का?"

आम्ही हसलो, रडलो. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "घरात ग्लुकागॉन नाही का ठेवत?" त्यांनी विचारलं. शुगर उतरून माणूस बेशुद्ध पडला तर घरच्यांनी टोचायची ही सुई. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बारा वर्षं इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या घरात हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा आला. त्यानंतर मी त्याच्या मागे लागलो आणि जे समजलं ते इथे लिहितोय. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तेव्हा आमच्यासारखी घरं काही थोडीथोडकी नसणार.

अंगभर रक्तात साखर किती? चमचाभर

मधुमेह म्हणजे साखर वाढण्याचा आजार, एवढंच आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. साखर उतरूही शकते, आणि उतरली तर वाढण्यापेक्षा कितीतरी लवकर घात करते, हे कुणी सांगत नाही.

हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. शुगर १०० असणं म्हणजे दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार करा: सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. नानांच्या त्या ३१ ला हा चमचा तिसऱ्या हिश्श्यावर आला होता.

एवढीशी साखर लागते कुणाला? सगळ्यात जास्त मेंदूला. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे वीस टक्के वाटा त्याचा. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागतं आणि स्वतःकडे साठा जवळजवळ शून्य. हातपायांचे स्नायू चरबीवर दिवस काढतील, मेंदूला ते एकाएकी जमत नाही. म्हणून शुगर उतरली की आधी बिघडते ती बोली, चाल आणि स्वभाव. दारू प्यायल्यासारखा दिसणारा माणूस रस्त्याकडेला पडलेला असला की लोक वळसा घालून जातात. त्यातला एखादा कधी प्यायलेलाच नसतो.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की डॉक्टर त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, बोलताना नुसतं हायपो. ५४ च्या खाली गेली तर गंभीर. आणि 'तीव्र हायपो' या शब्दाला तर आकडाच नाही. माणूस स्वतःचं स्वतः सावरू शकत नाही, दुसऱ्याची मदत लागते, की तो तीव्र हायपो, मग मशीनवर ४५ असो की २८. मला ही व्याख्या फार शहाणपणाची वाटली, कारण तिच्यात आजाऱ्याइतकाच त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस महत्त्वाचा आहे.

कणगी आणि तिचं दार

आता त्या सुईकडे. जुन्या घरांत दादर ज्वारीची कणगी असायची. सुगीत भरायची, वर्षभर खालच्या दारातून काढायची. आपलं लिव्हर ही साखरेची कणगी आहे. जेवलो की रक्तात आलेली जास्तीची साखर लिव्हर गोळा करतं, तिच्या लांब माळा ओवून साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. भरल्या पोटाच्या माणसाच्या लिव्हरमध्ये तो साधारण शंभर ग्रॅम निघेल. रक्तात चमचाभर आणि कणगीत वीस चमचे, असा हा संसार.

कणगी भरायची की उपसायची हे ठरवतात दोन हार्मोन, आणि दोन्ही स्वादुपिंडातून येतात. इन्सुलिन म्हणतं, भरा. ग्लुकागॉन म्हणतं, काढा. रात्री नऊला जेवून सकाळी सातपर्यंत आपण काही खात नाही, तरी झोपेत बेशुद्ध पडत नाही, कारण रात्रभर ग्लुकागॉन कणगीचं दार किलकिलं ठेवून असतं.

मग नानांच्या ग्लुकागॉननं दार का उघडलं नाही? इथेच मधुमेहाची खरी मेख आहे. धडधाकट माणसाची साखर उतरायला लागली की इन्सुलिन आपोआप थांबतं आणि ग्लुकागॉन सुटतं. टोचून घेतलेलं इन्सुलिन थांबत नाही. ते कातडीखालून रक्तात झिरपत राहतं, आगारी लांबलीय हे त्याला कोण सांगणार? त्यात टाइप १ मधुमेहात, म्हणजे ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही त्या प्रकारात, काही वर्षांतच शुगर उतरल्यावर ग्लुकागॉन सुटण्याची सवयही मोडते. बरीच वर्षं इन्सुलिनवर असलेल्या टाइप २ वाल्यांचंही पुष्कळदा तेच होतं. कणगी भरलेली, दार बंद, आणि दार उघडणारा गडी कामावर नाही.

ग्लुकागॉनची सुई म्हणजे बाहेरून आणलेला गडी. तिच्यात साखरेचा कणही नसतो. ती लिव्हरला फक्त हुकूम देते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तसं हे औषध नवं नाही. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत, चौदा वर्षांच्या एका मुलाला. स्वादुपिंडाच्या अर्कात साखर चढवणारंही काहीतरी आहे हे १९२३ सालीच किंबॉल आणि मर्लिन या अमेरिकी संशोधकांना दिसलं आणि त्यांनीच त्याला ग्लुकागॉन हे नाव दिलं. शुद्ध स्फटिक हाती यायला १९५३ उजाडलं आणि १९६० साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे सुई माझ्यापेक्षा वयानं मोठी. तरी आमच्या घरी नाव पोचलं नव्हतं.

शुद्धीत आहे तोवर साखरच, सुई नाही

सुई ही शेवटची पायरी आहे. माणूस बोलतोय, गिळू शकतोय, तोवर तोंडावाटे साखर द्यायची.

आधी खुणा ओळखा. हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते, ओठांना मुंग्या येतात. त्यानंतर चिडचिड, डोळ्यांपुढे धूसर, बोलण्यात गोंधळ. बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या थरथर आणि धडधड झाकून टाकतात, घाम मात्र झाकत नाहीत. म्हणून बाकी कुणाला घाम नसताना एकाच माणसाचा सदरा भिजला असेल, किंवा पहाटे उशी ओली असेल, तर आधी मशीन काढा. ज्यांना वारंवार हायपो होतो त्यांना तर या खुणा हळूहळू जाणवेनाशाच होतात. ते ५० वर सुद्धा "मला काही नाही" म्हणतात. नाना म्हणालेही असतील, पण आमचं लक्ष मांड्यांकडे होतं.

उपाय पंधरा-पंधराचा: १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. १५ ग्रॅम म्हणजे चहाचे तीन चमचे सपाट भरून, पाण्यात विरघळवून. पेढा, आइस्क्रीम, चॉकलेट नको, त्यातलं तूप-लोणी साखरेची वाट अडवून धरतं. केळीच्या जिल्ह्यात राहून हे लिहायला जीव होत नाही, पण पहिल्या मिनिटाला केळंही नको. ते चावायला लागतं आणि त्याची साखर सावकाश चढते. शुगर ७० च्या वर आली की मग केळं खुशाल द्या, अर्धी भाकर द्या, कारण नुसत्या साखरेचा जोर लवकर ओसरतो.

आणि एक मेख. तुमच्या चिठ्ठीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही, कारण ती फोडण्याचं कामच या गोळ्या रोखून धरतात. अशा घरी मेडिकलमधली ग्लुकोज पावडर ठेवावी. व्होग्लिबोज आपल्याकडे भरपूर लिहून देतात. नानांच्या चिठ्ठीतही होतं, म्हणून मला हे ठाऊक.

शुद्ध हरपली की तोंडात काहीच नाही

आमची पहिली चूक पाण्याची. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. त्याच्या तोंडात ओतलेलं पाणी, सरबत, मध सरळ श्वासनळीत उतरू शकतं. साखर चढायची बाजूलाच, माणूस गुदमरायचा.

दुसरी चूक कांद्याची. शुगर फार उतरली की कधी झटके येतात, लोकांना ती फिट वाटते, आणि मग कांदा, चप्पल, दातांत चमचा असं सगळं सुरू होतं. त्यानं शुगर एका आकड्यानंही हलत नाही. चमच्यानं दात मात्र तुटतात.

करायचं ते एवढंच: माणसाला कुशीवर वळवा, तोंडात असलेलं काढा, एकानं १०८ ला फोन लावा, आणि घरात ग्लुकागॉन असेल तर दुसऱ्यानं ते टोचा. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबून मग टोचू, असं नाही. खेड्यात तो वेळ वीस मिनिटांचा असू शकतो, पाऊण तासाचाही.

टोचायचं कसं

नेहमीच्या किटमध्ये दोन वस्तू असतात: चिमूटभर पांढरी पावडर असलेली छोटी बाटली आणि पाणी भरलेली सिरिंज. पावडर का? कारण ग्लुकागॉन पाण्यात फार काळ नीट राहत नाही, त्याचे तंतू धरतात. म्हणून ऐनवेळी कालवायचं.

बाटलीचं प्लास्टिकचं झाकण उडवा. सिरिंजमधलं सगळं पाणी बाटलीत सोडा. सुई तशीच ठेवून बाटली हलके फिरवा, खदखदा हलवू नका. पाणी स्वच्छ दिसलं की सगळं परत सिरिंजमध्ये ओढा आणि हवा काढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, नाहीतर दंडावर, सरळ आत टोचून दाबा. शीर शोधायची नाही. हे स्नायूत किंवा कातडीखाली जातं, म्हणूनच ते घरच्यांच्या हाती देता येतं. मोठ्या माणसाला पूर्ण डोस, १ मिलिग्रॅम. लहान लेकराला, साधारणपणे २५ किलोच्या आतल्या, निम्मा. तुमच्या लेकराचा नेमका डोस डॉक्टरांकडून किटच्या खोक्यावरच पेननं लिहून घ्या. ऐनवेळी आठवत नाही.

टोचल्यावर पुन्हा कुशीवर. हे महत्त्वाचं, कारण या औषधानं मळमळतं आणि बऱ्याच जणांना उलटी होते. उताणा असेल तर तीच उलटी घात करते. बहुतेक माणसं दहा-पंधरा मिनिटांत डोळे उघडतात. नाहीच उघडले तर सुईवर भरवसा ठेवून बसायचं नाही, दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं. उघडले, नीट गिळता येतंय असं दिसलं, की आधी साखरपाणी, मग भाकर-बिस्कीट, कारण कणगी उपसली गेलीय आणि सुईचा जोर तास-दीड तासाचा. ती परत भरली नाही तर दुपारी दुसरा हायपो ठरलेला. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, गाडीला हात लावू द्यायचा नाही.

अमेरिकेत २०१९ साली नाकात फवारायची ग्लुकागॉनची पावडरही आली, ३ मिलिग्रॅमची. बेशुद्ध माणसाला ती ओढून घ्यावी लागत नाही, नाकाच्या आतल्या कातडीतून शोषली जाते. त्याच वर्षी कालवण्याची भानगड नसलेलं तयार इंजेक्शनही तिथे आलं. कालवाकालवीत घाबरलेल्या माणसांच्या चुका होतात, हे औषध बनवणाऱ्यांनाही मान्य आहे, असा मी त्याचा अर्थ काढला.

'शुगर वाढून पडला असेल तर?'

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. उत्तर माझ्या चुलतभावाच्या हातातल्या इन्सुलिनमध्येच आहे. शुगर वाढून बेशुद्ध व्हायला साधारणपणे बरेच तास किंवा दिवस जातात. आधी खूप लघवी, तहान, उलट्या, धाप असं सगळं दिसतं. सकाळी धडधाकट असलेला, इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलेला माणूस तासा-दोन तासांत कोसळला तर संशय उतरलेल्या शुगरवर.

मशीन हाताशी असेल तर थेंब घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम. नसेल तर शोधत बसू नका. समजा अंदाज चुकला, शुगर खरोखर जास्त होती आणि तुम्ही ग्लुकागॉन दिलं, तर शुगर थोडा वेळ आणखी चढेल, ती दवाखान्यात उतरवता येईल. उलट शुगर ३१ असताना इन्सुलिन दिलं असतं तर? त्यावर मी रात्री विचार करतो. बेशुद्ध मधुमेह्याला घरी इन्सुलिन टोचायचं नाही. हे वाक्य आम्ही फ्रिजच्या दारावर चिकटवलंय.

'मग प्रत्येक शुगरवाल्यानं ही सुई ठेवायची?'

नाही. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असणाऱ्याची शुगर अशी सहसा कोसळत नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची शिफारस अशी की इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला आणि हायपोचा धोका मोठा असलेल्यांना ग्लुकागॉन लिहून द्यावं, आणि ते कुठे ठेवलंय, कसं द्यायचं हे घरच्यांना, शाळेतल्यांना माहीत असावं. टाइप १ असलेलं लेकरू घरात असेल तर मी यात दुसरा विचार करणार नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लॅमाइड या गोळ्यांचं प्रकरण वेगळं. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, त्यामुळे उपास, जुलाब किंवा किडनी अधू असली की यांनीही शुगर उतरते. म्हातारी माणसं चतुर्थीला, एकादशीला, रोज्यात गोळी चुकवत नाहीत आणि जेवण चुकवतात, तिथे हे घडतं. आणि हा हायपो चिवट असतो. एकदा शुगर वर आणली तरी गोळीचा अंमल चालू असतो, पाच-सहा तासांनी ती पुन्हा बसते. ग्लुकागॉनही स्वादुपिंडाला थोडं आणखी इन्सुलिन सोडायला चिथावतं. म्हणून गोळीवाला माणूस बेशुद्ध पडून शुद्धीवर आला तरी घरी आणायची घाई नको, दवाखान्यात दिवसभर तरी नजरेखाली हवा. "आता बरंय, चला" म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. त्यात मीही होतो.

'कणगीच रिकामी असेल तर?'

मघाशी म्हटलं होतं, सुईत साखर नाही, हुकूम आहे. रिकाम्या कणगीला हुकूम देऊन काय पडणार? दोन-तीन दिवस नीट न जेवलेला, कडक उपास करणारा, हाडापर्यंत वाळलेला माणूस असेल तर ग्लुकागॉन फारसं काम करत नाही. दारूचंही तसंच. साठा संपला की लिव्हर इतर गोष्टींपासून नवी साखर बनवतं, दारू नेमकं तेच काम बंद पाडते. रात्री उपाशीपोटी प्यायलेला, वर इन्सुलिन घेतलेला माणूस सकाळी उठत नसेल, तर सुई द्या, पण तिची वाट न बघता गाडी काढा. त्याला शिरेतून ग्लुकोजच हवं.

ज्यांना अॅड्रिनल ग्रंथीची किंवा स्वादुपिंडाची विशिष्ट गाठ आहे त्यांना ग्लुकागॉन चालत नाही. फार थोडी माणसं ही, आणि त्यांच्या डॉक्टरांना ते माहीत असतं.

'ही ती वजन उतरवायची सुई तर नव्हे?'

सेमाग्लुटाइडच्या बातम्या रोज येतात आणि त्यात 'ग्लुकागॉनसारखं पेप्टाइड' असा शब्द असतो. अमळनेरच्या बाजारात एकानं मला गंभीरपणे विचारलं, "हाई तीच का, जाडपन कमी करनारी?" नाही. शरीरात हे दोन पदार्थ एकाच मूळ प्रथिनापासून तुटून बनतात म्हणून नाव सारखं. एकाच आईची दोन लेकरं, पण स्वभावानं एकमेकांच्या उलट. वजनाच्या सुईतलं शुगर जास्त असताना इन्सुलिन वाढवतं आणि ग्लुकागॉन दाबतं. म्हणजे काम बरोबर उलटं. बेशुद्ध माणसाला ती टोचून काहीही उपयोग नाही.

मिळते कुठे, उन्हात टिकते का

खरं सांगायचं तर सुई शोधायला मला चार दुकानं फिरावी लागली. दोघांनी नाव पुन्हा विचारलं, एकानं ग्लुकोज पावडरचा डबा पुढे केला. चौथ्यानं जळगावहून मागवून दिली. डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच, आणि मागणी आधी नोंदवून ठेवावी लागते. अडचण उघड आहे: कुणी मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही, दुकानात नाही म्हणून डॉक्टर लिहीत नाहीत.

आणि आमचा उन्हाळा. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या घरात आणखी. पावडरच्या किटला साधारणपणे २५ अंशांच्या आतली जागा लागते, खोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. आमचं किट फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात आहे, बर्फाच्या खणात नाही, गोठलं की गेलं. मोटरसायकलच्या डिकीत, जीपच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. लग्नाला जाताना इन्सुलिनच्या थंड पिशवीत तेही घेतात. मुदत संपली की बदलायचं. खर्च होतो आणि देवाच्या कृपेनं वापरावं लागत नाही, म्हणून नाना कुरकुर करतात.

जुनं किट मात्र फेकायचं नाही, त्यावर हात बसवायचा. गेल्या महिन्यात आमच्या पहिल्या किटची तारीख संपली. सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि मध्ये भरताचं एक चांगलं गलेलठ्ठ वांगं ठेवलं. चुलतभावानं पाणी सोडलं, बाटली जोरात हलवली, शिव्या खाल्ल्या. वहिनीनं हलके फिरवून घेतली, उजेडाला धरून बघितली, हवा काढली. नाना बाजेवरून सूचना देत होते, "मनी मांडी समज अन् टोच." तिनं टोचलं. चाळीस सेकंद लागले, पुतण्यानं मोबाइलवर मोजले.

त्या वांग्याचं भरीत करायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना दोनदा सांगावं लागलं.